घोडीची धार काढणारा माणूस

घोडी रवंथ करत नाही, म्हणून गवळीमामांनी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना सकाळी सकाळी फोन लावला.

"काल संध्याकाळी आलीय. खाल्लं, पाणी प्यायली. पण तोंड हलत नाही बघा. बसतसुद्धा नाही. रात्रभर नुसती उभी."

"मामा, घोडा रवंथ करत नाही."

"कधीच?"

"कधीच."

"मग पचतं कसं?"

"ते तुम्ही तिच्यावर सोडा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. फोन बंद व्हायच्या आतच त्यांना हसू फुटलं आणि ते मामांना ऐकू गेलं. मामांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. दिवसभर ते घोडीच्या तोंडाकडे संशयाने बघत राहिले.

मामांचा गोठा गल्लीच्या टोकाला आहे. पुढे दोन खोल्यांचं घर, मधे फरशीचं अंगण, मागे पत्र्याखाली दावणीला एका रांगेत गायी आणि रांगेच्या शेवटी दोन म्हशी. अंगणात दुधाचा छोटा टेम्पो. गल्लीतली लहानथोर सगळी माणसं त्यांना मामा म्हणतात, त्यांच्यापेक्षा वयाने मोठी असलेलीही. मामा बुटके, छातीने रुंद, आणि मनगटं अशी की घड्याळाचा पट्टा पुरत नाही. आयुष्यभर धारा काढून त्यांच्या बोटांना स्वस्थ बसणं माहीत नाही. टीव्ही बघताना ते उशीचं टोक धरून बसतात आणि बोटं आपली चालू.

"एक दिवस उशीला पान्हा फुटेल," मामी म्हणतात.

मामांशी हात मिळवणाऱ्या माणसाला आपली धार निघते आहे की काय असं क्षणभर वाटतं. हा अनुभव गल्लीत बऱ्याच जणांना आहे.

धारा ते दाराकडून भिंतीकडे काढत जातात. क्रम कधी बदलत नाही, कारण बदलला तर गायी लाथा मारतात. पहाटेचं हे काम अर्ध्या झोपेत होतं. पहिल्या दोन गायी होईपर्यंत मामा झोपेतच असतात, असं मामी सांगतात. खुद्द मामांच्या मते जाग म्हशींपाशी येते.

अशा गोठ्यात घोडी येण्याचं कारण मामांचे साडू.

मामींची धाकटी बहीण बग्गीवाल्याला दिली आहे. शहरातल्या मोठ्या बागेभोवती हौशी माणसांना फिरवून आणायचं, हा साडूंचा धंदा. उंच, सडपातळ, टोपी तिरकी. दोन्ही साडूंचं भांडण लग्नाच्या मांडवात सुरू झालं ते अजून मिटलेलं नाही. साडूंचं म्हणणं असं, की गाय म्हणजे पाय फुटलेली बादली. अक्कल असलेलं जनावर एकच, घोडा. मामांचं म्हणणं असं, की घोडा देतो काय? दूध नाही, लोणी नाही. शेणाला लीद म्हणायचं, एवढाच काय तो त्याचा मान.

तर हे साडू बल्ब बदलताना स्टुलावरून पडले आणि त्यांचा पाय मोडला. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते आधी सांगत, "घोड्यावरून नाही हं. घोड्यावरून मी जन्मात पडलो नाही." पायाला मांडीपर्यंत प्लास्टर, मुक्काम मुलीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी, आणि बागेमागच्या तबेल्यात त्यांची एकुलती एक घोडी पोटुशी. घोडी वयाने चांगलीच थोराड. इतकी वर्षं तिला गर्भ राहिला नव्हता. घोडेस्वारीच्या शाळेतल्या एका देखण्या घोड्याशी जमवून बघितलं आणि कोणाच्या ध्यानीमनी नसताना राहिला. हे पहिलं आणि बहुतेक शेवटचं, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. साडूंनी तेव्हापासून बग्गीला दुसऱ्याची घोडी भाड्याने जुंपली होती आणि हिला नुसतं बघत बसत होते.

"ताईकडे पाठवू," धाकटी म्हणाली.

"गवळ्याकडे?" साडू पलंगावर जेवढं उठता येईल तेवढे उठले. "अगं ती घोडी आहे!"

इकडे मामाही तेच म्हणत होते. "माझ्या दावणीला घोडी? गिऱ्हाइकं विचारतील, मामा, दूध नक्की कोणाचं?"

दोघी बहिणींनी फोनवर ठरवून टाकलं. म्हशींच्या पलीकडचा वासरांचा कोपरा रिकामा केला, पेंढा अंथरला, आणि तपकिरी घोडी टेम्पोतून उतरून आत आली. तिने सगळ्या रांगेवरून एकदा नजर फिरवली आणि तोंड भिंतीकडे केलं.

"आल्या बाईसाहेब," मामी म्हणाल्या. तेच नाव पडलं.

रोज संध्याकाळी साडूंचा फोन यायचा. जई किती घालायची, गवत कसं झटकून द्यायचं, खूर कसे कोरायचे, खरारा कुठून कुठे करायचा. मामा "हो हो" म्हणायचे आणि फोन ठेवून पुटपुटायचे, "पाय मोडला, जीभ शाबूत आहे." पण सांगितलेलं सगळं करायचे. पहिल्या आठवड्यात नाइलाजाने, मग सवयीने, आणि मग कोणाच्या लक्षात येण्याआधी हौसेने. दुपारी ते बाईसाहेबांना दोरी धरून गल्लीतून हळूहळू फिरवू लागले. गाय फिरवताना मामा मागे असतात. घोडीच्या ते पुढे चालत, छाती काढून.

"दिवस गेलेत तिला," समोरून येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत.

"दिसतंय की मामा," कोपऱ्यावरचा शिंपी म्हणायचा. "माझ्या टेपात मावेना आता." तो खरोखरच मधूनमधून येऊन पोटाचं माप घ्यायचा आणि गेल्या खेपेपेक्षा किती वाढलं ते दुकानाच्या फळीवर खडूने लिहून ठेवायचा. गिऱ्हाइकांचे ब्लाउज मागे पडायचे, ते वेगळं.

एका दुपारी खरारा करताना मामांच्या तळहाताला पोटातून धक्का बसला. ते खरारा टाकून घरात धावले.

"लाथ मारली!"

"तरी सांगत होते, मागून जाऊ नका," मामी म्हणाल्या.

"तिने नाही गं, आतल्याने! आतल्याने मारली! चल, हात लाव, चल!"

मामींनी पीठ मळायचं थांबवलं. "आपला मुलगा पोटात होता तेव्हा मी बोलावलं हात लावायला. तर म्हणालात, धारा राहिल्यात."

"राहिल्या असतील," मामा म्हणाले. पण ते तोवर अंगणात पोचले होते. मामी पिठाच्या हातानेच मागोमाग गेल्या आणि मग सूनबाईही गेल्या. घोडीच्या पोटावर पांढरे हात उमटले. त्या दिवशीच्या पोळ्या उशिरा झाल्या.

दिवस भरत आले तसं डॉक्टरीणबाईंनी येऊन समजावलं. आधी कास भरेल, मग सडांच्या टोकाला मेणासारखे पिवळे थेंब जमतील. ते दिसले की मला कळवा, मग फार वेळ नसतो. एवढंच सांगितलं. कासेला हात लावू नका, हे सांगायचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही. पोटुशा घोडीची धार काढू नकोस, असं कोणी कोणाला सांगत नाही.

पुढची गोष्ट ज्या पहाटे घडली, त्या पहाटे मामा रोजच्यासारखेच दाराकडून भिंतीकडे सरकत होते. कास धुवायची, सड पुसायचे, चरवी गुडघ्यांत धरायची, दोन्ही हात चालू. एक झाली की स्टूल उचलायचं आणि पुढच्या पोटाला डोकं टेकायचं. डोळे मिटलेले. गायी झाल्या, दोन्ही म्हशी झाल्या. दुसऱ्या म्हशीनंतर एरवी रिकामी जागा असायची. आज तिथे कोपऱ्यातून सरकून आलेलं एक पोट होतं. मामांनी डोकं टेकलं.

कास लहान, गरम आणि तटतटलेली लागली. सड दोनच. एवढ्याने माणसाला जाग यायला हवी. मामांना ती आली, पण अर्धीच. त्या अर्ध्या जागेपणात त्यांना आठवलं ते चाळीस वर्षांचं काम: पहिलारू गायीची कास अशी दगड झाली की व्यायच्या आधी थोडी मोकळी करतात, तिला बरं वाटतं. त्यांनी टोकाचे थेंब फडक्याने पुसले आणि कास मोकळी केली. सवयीप्रमाणे, शेवटच्या थेंबापर्यंत. बाईसाहेबांनी मान वळवून एकदा मागे बघितलं, आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. लाथ नाही, काही नाही.

चरवीत घट्ट, पिवळा, चिकट चीक पडला होता. मामा खूश झाले. चीक आला म्हणजे बाळ दारात आलं. गिऱ्हाइकांच्या दुधात तो मिसळण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी तो अंगणातल्या मांजरांच्या परातीत ओतला, किटल्या टेम्पोत चढवल्या आणि शिट्टी वाजवत रतिबाला गेले. प्रत्येक दारात सांगितलं, "आज-उद्यात हं!"

परत आल्यावर त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन केला. "ते मेणाचे थेंब आले होते. पुसून टाकले. कासही मोकळी केली."

डॉक्टरीणबाई स्कूटरवरून आल्या त्या डोक्यावरचं हेल्मेट न काढताच गोठ्यात शिरल्या.

"मोकळी केली म्हणजे?"

"म्हणजे... धार काढली."

"घोडीची?"

"रांगेत होती ना," मामा म्हणाले.

डॉक्टरीणबाई खाली वाकल्या, कास बघितली आणि सरळ झाल्या. "मामा, वासराला चीक मिळाला नाही तर काय होतं?"

मामांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरायला लागलं. "टिकत नाही. कसलाही आजार धरतं."

"शिंगराचंही तसंच. रोगाशी लढायची ताकद घेऊन ते येत नाही, चिकातून मिळते. जन्मल्यावर पहिल्या काही तासांत. फरक एवढाच, की गाय बादलीने देते आणि घोडी तांब्याने. आणि तो तांब्या एकदाच असतो."

"पुन्हा पिळला तर?"

"पुन्हा हात लावलात तर मी त्या हाताला प्लास्टर घालीन. कुठे आहे तो चीक?"

सगळ्यांनी परातीकडे बघितलं. परात घासून उपडी घातलेली होती. बाजूला तीन मांजरं उन्हात आडवी पडली होती. त्यांची पोटं टम्म फुगली होती.

"उरलेला मी मोरीत ओतला," सूनबाई हळूच म्हणाल्या. "मांजरांचं उष्टं म्हणून."

डॉक्टरीणबाईंनी हेल्मेट काढलं. "या मांजरांना घोड्याचा एकही रोग होणार नाही," त्या म्हणाल्या.

मामा स्टुलावर बसले. त्यांचा आवाज खाली आला. "पोर जाईल का हो?"

"दुसऱ्या घोडीचा चीक मिळाला तर नाही जाणार. मोठ्या पागांमध्ये गोठवून ठेवतात. घोडेस्वारीच्या शाळेत नक्की असेल. पण तो पागाप्रमुख ओळखीशिवाय कोणाला चिमूटभर गवत देत नाही. माझं ऐकणार नाही, तुमचं तर नाहीच."

"मग कोणाचं ऐकेल?"

ते सगळ्यांनाच माहीत होतं. मामींनी फोन लावून मामांच्या हातात दिला.

"साडूभाऊ," मामा म्हणाले, "पाय कसा आहे?"

"घोडीला काय झालं?"

"घोडी उत्तम."

"मग पायाची चौकशी कशाला? आजवर कधी केली नाहीत."

मामांनी डोळे मिटले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं: थेंब, धार, मांजरं, मोरी.  पलीकडून आवाज इतक्या जोरात आला की मामांनी फोन कानापासून हातभर लांब धरला आणि तरी तो अंगणभर ऐकू गेला.

"धार? माझ्या घोडीची? तुमच्या दावणीला देव जरी उभा केला ना, तरी तुम्ही चरवी घेऊन खाली बसाल! धाकटे! माझा सदरा आण! टेम्पो आणा ओ, बघत काय बसलात!"

तिसऱ्या मजल्यावरून साडूंना खाली आणायचं कसं, हा प्रश्न मामांना पडला नाही. इमारतीला लिफ्ट नव्हती. त्यांनी पाठ केली आणि साडूंना वासरासारखं उचलून घेतलं. प्लास्टरचा पाय बाजूला ओंडक्यासारखा ताठ. आयुष्यभर घोडे हाकलेला माणूस, स्वतः पाठीवर बसल्यावरही गप्प राहीना.

"हळू. हळू! डावीकडे घ्या. कठडा... कठडा बघा, पाय!"

"चाबूक देऊ का हातात?" मामा धापा टाकत म्हणाले.

"द्याच. केव्हापासून हौस आहे."

दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडलं, बघितलं आणि पुन्हा लावून घेतलं. मग आतून सगळ्या घराला घेऊन पुन्हा उघडलं. पहिल्या मजल्यापर्यंत जिन्याच्या प्रत्येक वळणावर माणसं उभी होती. खाली पोचेपर्यंत साडूंचा राग कुठे सांडला कोण जाणे. ते मामांच्या मानेला मिठी मारून खिदळत होते आणि मामा त्यांच्यावर ओरडत होते, की हलू नका, दोघं जाऊ.

साडूंना टेम्पोत मागे किटल्यांच्या मधे बसवलं, पाय लांब करून; धाकटी पुढे बसली. प्रत्येक खड्ड्याला सगळ्या किटल्या एकदम वाजत आणि साडू त्यांच्यावर आवाज चढवून मागच्या खिडकीतून वाट सांगत. रस्त्यात मामांची गिऱ्हाइकं भेटली. "मामा, आज दुधाबरोबर काय नेताय?"

"साडू!"

"ताजा आहे का?"

"नासलेला!" मामा ओरडले, आणि मागून साडूंनी किटलीवर मूठ आपटली.

घोडेस्वारीच्या शाळेतला पागाप्रमुख हा कधी न हसलेला माणूस, अशी त्याची ख्याती. त्याने साडूंना टेम्पोतच बसून बोलू दिलं. सगळं ऐकून घेतलं.

"धार कोणी काढली?"

"यांनी. माझे साडू. गवळी आहेत."

"का?"

मामांनी खाली बघितलं. "रांगेत होती."

पागाप्रमुख तसाच उभा राहिला. मग त्याचा खालचा ओठ हलायला लागला. तो वळून आपल्या मोतद्दारांना म्हणाला, "रांगेत होती म्हणून धार काढली!" आणि त्यानंतर त्याला पुढे काही बोलता येईना. घोड्यांची खोगिरं पुसत बसलेले मोतद्दार एकेक करून कोलमडले; एक तर गवताच्या गंजीवर पालथा पडून हात आपटत होता. मामा आधी लाल झाले, मग त्यांनाही आवरेना. साडूंचा प्लास्टरचा पाय टेम्पोच्या फाळक्यावर ठकठक वाजायला लागला.

डोळे पुसत पागाप्रमुखाने थंडपेटी उघडली. गोठलेल्या चिकाच्या बाटल्या काढून गोणपाटात गुंडाळल्या आणि मामांच्या हातात दिल्या. "गॅसवर तापवाल तर फुटेल आणि गुणही जातील. कोमट पाण्यात ठेवा, हळूहळू. आणि तुम्ही," तो मामांना म्हणाला, "माझ्या पागेत पुढे सरकू नका. इथे सगळ्या रांगेतच उभ्या आहेत."

"जावयाला तरी भेटू द्या," साडू म्हणाले. पलीकडच्या कप्प्यातून शिंगराचा बाप मान बाहेर काढून बघत होता. काळाभोर, कपाळावर पांढरा ठिपका. मामा दोन हात मागे बांधून त्याच्यापाशी गेले आणि अदबीने म्हणाले, "सगळं ठीक आहे तिकडे. काळजी नसावी."

तेवढ्यात मामींचा फोन आला. "आडवी झालीय! या!"

घोड्या बहुतेक रात्री व्यातात, कोणी नसताना. बाईसाहेबांनी भरदुपार निवडली. मामा पोचले तेव्हा डॉक्टरीणबाई बाह्या वर करून बसल्या होत्या आणि पुढचे दोन खूर बाहेर दिसत होते, एकाच्या थोडा मागे दुसरा. गाय असती तर मामा एव्हाना दोर लावून बसले असते.

"ओढू का?"

"नाही."

"नुसता आधार..."

"मामा, हात!"

मामा पेंढ्यावर बसले आणि त्यांनी दोन्ही हात स्वतःखाली दाबून धरले. दाराशी खुर्चीवर साडू, पाय उपड्या किटलीवर. दोघांमधलं अंतर हातभर. घोडीने दोन-तीनदा जोर केला, खुरांमागून नाक आलं, मग खांदे, आणि मग सगळं एकदम, ओल्या पिशवीसारखं सुळकन पेंढ्यात. इतक्या पटकन, की मामांचं तोंड "ओढू का" म्हणायला उघडलं होतं ते तसंच राहिलं.

काळं, कपाळावर पांढरा ठिपका.

"बापावर गेलं!" साडू ओरडले.

"शिंगी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मुलगी."

"मुलगी!" मामा ओरडले. त्यांनी साडूंचा हात धरला आणि हलवायला सुरुवात केली. साडूंना त्यांची धार निघत असल्यासारखं वाटलं असेल, पण त्यांनी हात सोडवून घेतला नाही.

घरात सूनबाई बाटलीला पाणी तापवत होत्या. त्यांनी शेगडीकडे नुसता हात नेला, तर अंगणातून चार जणांचा एकदम ओरडा आला. "गॅसवर नको!" त्या दचकल्या. "अहो, पाणी तापवतेय, पाणी!" बादलीत कोपर बुडवून पाणी कोमट आहे की नाही ते मामींनी बघितलं, नातवाच्या आंघोळीला बघतात तसं. बाटल्या त्यात तरंगत राहिल्या, आणि सगळी माणसं बादलीभोवती उकिडवी बसून बर्फ वितळायची वाट बघू लागली.

तोवर शिंगी उठायला लागली होती. तिचे पाय तिच्यापेक्षा लांब होते आणि चारही पायांची मतं वेगळी. पुढचे उठले की मागचे बसत. एकदा ती सरळ उभी राहिली, जग बघितलं आणि आडवी पेंढ्यात गेली. दरवेळी साडू खुर्चीतून उठायचे आणि दरवेळी धाकटी त्यांना खांद्याला धरून खाली बसवायची. शेवटी उभी राहिली ती पाय फाकवून, थरथरत, आणि तोंड पुढे करून आईला शोधत निघाली. पहिल्यांदा सापडली म्हैस. म्हशीने खाली बघितलं आणि एक पाऊल बाजूला सरकली.

बाटली तयार झाली. पण शिंगी ती घेईना. बाटलीचं रबरी बूच तोंडात दिलं की जीभ बाहेर ढकलायची. डॉक्टरीणबाईंनी दोनदा प्रयत्न केला, मग मामांकडे बघितलं.

"वासरू ओढत नाही तेव्हा काय करता?"

"बोट."

"मग चला. आता लावा हात."

मामांनी हात धुतले, नखं बघितली, पुन्हा धुतले. गुडघ्यावर बसून एक बोट शिंगीच्या ओठांत सरकवलं आणि टाळूला हळूच खाजवलं. जीभ बोटाभोवती वळली. एकदा, दोनदा, मग जोरात. मामांनी बोटाशेजारून बाटली आत घातली आणि बोट काढून घेतलं. शिंगीला फसवल्याचं कळलंच नाही. तिची छोटी शेपटी झाडूसारखी हलायला लागली.

"घुटका गेला!" मामा घशातून कुजबुजले. "साडूभाऊ, घुटका! आणखी एक! बघा, बघा!"

"बघतोय हो. माझ्याच घोडीची आहे," साडू म्हणाले. त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढली होती, तेव्हा नेमकं काय दिसत होतं कळत नाही.

बाटल्या थोड्या थोड्या वेळाने संध्याकाळपर्यंत पाजल्या. मधे शिंगी आईला जाऊन मिळाली आणि तिथेही ओढू लागली. गुण लागला की नाही हे दुसऱ्या दिवशी रक्त तपासल्यावर कळणार होतं. त्या रात्री साडूंनी तिसऱ्या मजल्यावर परत जायला नकार दिला. दोघं साडू एकाच खोलीत झोपले आणि घोडा श्रेष्ठ की गाय, यावर अर्धी रात्र भांडले. मामींनी शेवटी दिवा मालवून दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई रक्त घेऊन गेल्या. मामांनी रतीब घातला, पण दोन घरी पाण्याची बाटली देऊन आले आणि एका घरी किटलीच विसरले. दुपारी फोन वाजला तेव्हा तो कोणी उचलायचा यावर साडूंशी झटापट झाली आणि तो मामींनी उचलला.

"हं," मामी म्हणाल्या. "हं. हं. बरं."

"काय म्हणाल्या?" दोघं एकदम.

"म्हणाल्या, हवी तेवढी ताकद रक्तात आलीय. पोर पक्कं आहे. थोडा वेळ आईबरोबर बाहेर काढा, पाय मोकळे होऊ दे."

साडू एका पायावर उभे राहिले आणि नाचायला लागले. मामांनी त्यांना कमरेला धरलं, नाचण्यासाठी की पडू नयेत म्हणून, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मग मामांनी अंगणाचं फाटक उघडलं, बाईसाहेबांची दोरी धरली आणि गल्लीत आणलं. शिंगी दारात थबकली. डांबराचा वास घेतला. आईच्या पोटाला नाक लावलं. आणि मग एकाएकी सगळ्या पायांचं एकमत झाल्यासारखी सुटली, शिंप्याच्या दुकानापर्यंत, तिथून वळून परत, आईभोवती एक फेरी, आणि पुन्हा सुटली. शिंपी टेप घेऊन मागे धावला. दारांतून माणसं बाहेर आली, दुधाची भांडी हातात तशीच. "मामा, दूध?" कोणीतरी विचारलं. मामांना ऐकू गेलं नाही. ते दोरी धरून अनवाणी उभे होते आणि शिंगी जवळून गेली की प्रत्येक वेळी मोठ्याने ओरडत होते, "पळ! पळ गं! पळ!"